वाचनात अडणारे मूल आणि देवनागरीची घडण

एखादे मूल बोलण्यात चुणचुणीत असते, ऐकलेली गोष्ट नेमकेपणाने सांगते; परंतु पाठ्यपुस्तकातील साधे वाक्य वाचताना मात्र अडखळते. अशा मुलावर आळशीपणाचा किंवा मंदबुद्धीचा शिक्का सहज मारला जातो. वस्तुतः ही डिस्लेक्सियाची लक्षणे असू शकतात. आणि डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली व या दोषास ‘जन्मजात शब्दांधत्व’ असे नाव दिले. दोष दृष्टीचा आहे, असे या नावातून सूचित होते. पुढील संशोधनाने मात्र अभ्यासकांचे लक्ष डोळ्यांकडून ध्वनींकडे वळविले. बहुसंख्य मुलांची मुख्य अडचण अक्षर दिसण्यात नसून, शब्दातील ध्वनी सुटे करण्यात व त्यांची चिन्हांशी सांगड घालण्यात असते, असे आता मानले जाते.

मराठीच्या संदर्भात येथे लिपीच्या घडणीचा विचार करणे अगत्याचे ठरते. देवनागरीत चिन्ह व ध्वनी यांचा संबंध इंग्रजीपेक्षा पुष्कळच नियमित आहे. तथापि चिन्हांचा क्रम उच्चारक्रमाशी सर्वत्र जुळत नाही. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. ‘कर्म’ व ‘क्रम’ या शब्दांत व्यंजने तीच आहेत; परंतु पहिल्यात ‘र’ हा रफाराच्या रूपाने ‘म’च्या डोक्यावर बसतो, तर दुसऱ्यात ‘क’च्या पायाशी जातो. ज्या मुलास ध्वनींचा क्रमच नीट उमगलेला नाही, त्याची अशा ठिकाणी फसगत होणे स्वाभाविक होय.

यास्तव शिक्षणाचा आरंभ कानापासून व्हावा. ‘कमळ’ शब्दातील पहिला ध्वनी काढून टाकल्यास काय उरते, यासारखे तोंडी खेळ प्रथम घ्यावेत. बाराखडी केवळ चालीवर पाठ करविल्यास मूल ती घडाघडा म्हणते, परंतु सुटी ‘की’ समोर आली म्हणजे थबकते. त्याऐवजी एकच स्वरचिन्ह अनेक व्यंजनांस जोडून दाखवावे : की, मी, ती, पी. एक चिन्ह पक्के झाल्यावाचून दुसरे घेऊ नये. घ-ध, भ-म यांसारखी सदृश अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. अक्षर बोटाने गिरविताना त्याचा उच्चारही मोठ्याने करवावा. जुन्या धूळपाटीवर हात, डोळा व कान यांचा असा मेळ सहज साधला जाई. जोडाक्षरे शेवटी घ्यावीत, आणि तीही आधी उच्चारून, मग फोड करून.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सवलतीने परीक्षेची वाट सुकर होते. वाचन मात्र शिकवावेच लागते. वीस वेळा तोच उतारा लिहावयास लावणे म्हणजे शिकविणे नव्हे. मूल नेमके कोणत्या चिन्हापाशी थांबते, हे पाहणाऱ्या शिक्षकासच त्याच्या अडचणीचे मूळ सापडते.