रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं चालत नाही : कोविडनंतर रेंगाळणारा आजार समजून घेऊ

ताप उतरला, चाचणी निगेटिव्ह आली, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण माणूस कामावर परतला तर रोजचा हिशेब जमेना. बोलता बोलता नेहमीचाच शब्द सापडेना. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीला एकच पान तीन-तीनदा वाचावं लागू लागलं. उभं राहिलं की छातीत धडधड, जिना चढलं की डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांकडे गेलं तर रक्त ठीक, एक्सरे ठीक, मेंदूचा एमआरआयसुद्धा ठीक. मग घरचे म्हणतात आळस भरलाय, मुकादम म्हणतो कामचुकारपणा आहे, आणि काही दिवसांनी त्या माणसालाही तसंच वाटू लागतं.

कोविडची आठवण आता कुणालाच नको आहे, हे आम्हाला कळतं. तरीही हा लेख लिहितो आहोत, कारण वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर अशी माणसं येतात आणि त्यांना काय सांगावं ते सुचत नाही.

विषाणू गेला तरी त्रास मागे उरतो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. चिकुनगुनिया झालेल्या माणसाला विचारा. ताप आठवड्याभरात जातो, पण सांधे महिनोन् महिने धरून राहतात. नागीण तर सगळ्यांनीच पाहिली आहे. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या तरी तो विषाणू शरीर सोडत नाही. मेंदू आणि पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षं पडून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की नागीण होऊन बाहेर येतो. फोड सुकल्यावरही काहींना त्या जागी आग होत राहते, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श सोसत नाही. अशा माणसाला कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही, कारण फोड सगळ्यांनी पाहिलेले असतात. कोविडनंतरच्या त्रासात दाखवायला फोडच नसतो. अडचण तिथे आहे.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले होते, तेही आठवत असेल. तिथे अनेक रुग्णांच्या नमुन्यांत पोट बिघडवणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो विषाणू नव्हे, जिवाणू. पण त्यातून एक गोष्ट समजते. जंतूशी लढताना शरीराची संरक्षण यंत्रणा कधी कधी चुकून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. जुलाब केव्हाच थांबलेले असतात आणि मग पायातली ताकद जाऊ लागते. मूळ आजार आणि नंतरचा आजार यांत दिवसांचं अंतर असू शकतं, हे त्यातून लक्षात घ्यायला हवं.

आता कोविडकडे येऊ. ‘लाँग कोविड’ हे नाव कुठल्या तज्ज्ञ समितीने दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटलीच्या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी स्वतःच्या आजारपणाबद्दल ट्विटरवर लिहिताना हा शब्द वापरला आणि जगभरच्या रुग्णांनी तो उचलला. तोवर दवाखान्यांत सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो असंच सांगितलं जात होतं. मग रुग्णांनीच एकत्र येऊन पाहणी केली. ५६ देशांतल्या ३,७६२ जणांनी आपली लक्षणं महिन्यांगणिक नोंदवली आणि ती पाहणी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी विसरणं, लक्ष न लागणं, विचार अडखळणं असे त्रास सांगितले. हा आकडा जपून वाचायला हवा. ज्यांना त्रास होता त्यांनीच ती पाहणी भरली होती, त्यामुळे कोविड झालेल्या शंभरातल्या ८८ जणांना हे होतं असा त्याचा अर्थ नाही. पण रुग्णांनी स्वतःच्या नोंदी ठेवल्या, म्हणून शास्त्रज्ञांना तिकडे पाहावं लागलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली : कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. पहिला आजार सौम्य होता, दवाखान्यात भरती व्हावं लागलं नव्हतं, अशांनाही हे होऊ शकतं.

मेंदूत खरोखर काही बदलतं का? इंग्लंडमध्ये एक संधी अशी होती की यूके बायोबँक या प्रकल्पात हजारो लोकांचे मेंदूचे स्कॅन साथीच्या आधीच काढून ठेवलेले होते. त्यांतल्या ७८५ जणांचे स्कॅन पुन्हा काढले गेले. ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता, बाकीच्यांना नाही. कोविड झालेल्यांच्या मेंदूत वासाशी आणि आठवणीशी जोडलेल्या भागांत करडं द्रव्य थोडं जास्त घटलेलं दिसलं. बहुतेकांचा कोविड सौम्यच होता. २०२२ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. फरक लहान आहे आणि तो शेकडो माणसांची सरासरी काढल्यावरच दिसतो. एकट्या माणसाच्या एमआरआयमध्ये डॉक्टरांना तो दिसणार नाही. म्हणून ‘एमआरआय नॉर्मल’ याचा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही, पक्षाघात नाही, एवढाच घ्यायचा. त्रासच नाही, असा नाही.

इंग्लंडमध्येच एक लाख बारा हजारांहून जास्त लोकांनी ऑनलाइन स्मृती-चाचण्या दिल्या. २०२४ मध्ये आलेल्या त्या निकालात, ज्यांची लक्षणं अजून गेलेली नव्हती त्यांची घट सरासरीने बुद्ध्यांकाच्या सहा गुणांइतकी होती, आणि जे बरे झाले होते त्यांची तीन गुणांइतकी. सहा गुणांनी माणूस निकामी होत नाही. पण स्पर्धा परीक्षेची मेरिट लिस्ट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या फरकाची किंमत कळेल.

हे का होतं, याचं एकच उत्तर अजून हाती आलेलं नाही. विषाणूचे अवशेष आतड्यात किंवा इतरत्र उरतात आणि संरक्षण यंत्रणा लढतच राहते, अशी एक शक्यता आहे. रक्तात बारीक गुठळ्या राहतात, ही दुसरी. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो. रक्तातली वाट्टेल ती गोष्ट तो मेंदूत शिरू देत नाही. डब्लिनच्या संशोधकांना मेंदूवर धुकं असल्यासारखी तक्रार करणाऱ्या रुग्णांमध्ये हा पहारा गळका झालेला आढळला. शिवाय हृदयाची गती, रक्तदाब, पचन ही कामं आपोआप चालवणारे मज्जातंतू बिघडू शकतात. मग उठून उभं राहिलं की नाडी पळू लागते. २०२१ मध्ये घरोघरी घेतलेला ऑक्सिमीटर अजून चालत असेल तर त्यावर नाडीही दिसते. दहा मिनिटं शांत पडून नाडी लिहायची, मग उभं राहून दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी लिहायची. मोठ्या माणसाची नाडी तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. हे एकट्याने करू नये, जवळ कुणीतरी हवं. चक्कर आली की लगेच आडवं व्हायचं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका भल्या सल्ल्याने होतं : ‘उठ, चाल, व्यायाम कर, बरं वाटेल.’ पुष्कळ आजारांत हा सल्ला बरोबर असतो. पण लाँग कोविडच्या बऱ्याच रुग्णांना कष्टानंतर लगेच नाही, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटका बसतो. अंग गळून जातं, डोकं बंद पडतं आणि त्यातून वर यायला कधी आठवडा लागतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा २५ रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला. श्रमानंतर स्नायूंची इजा वाढलेली होती आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा आणखी मंदावली होती. म्हणजे हा आळस नव्हे. अशा माणसाने आपली कुवत ओळखून, दमण्याच्या आधी थांबत काम करायचं असतं.

लिहायला हे सोपं आहे. कंत्राटी सफाई कामगाराने दमण्याच्या आधी थांबायचं कसं? खाडा पडला की रोज कापला जातो. साथीत लोक घरात बसले होते तेव्हा कचरा उचलणारे आणि मृतदेह वाहणारे हात कुणाचे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अमेरिकेच्या सरकारने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलं की लाँग कोविड हे अपंगत्व ठरू शकतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही आहेत, पण लाँग कोविडचं नाव नाही. संघटनांनी हलकं काम, मधली विश्रांती आणि भरपगारी आजारपणाची रजा या मागण्यांत हा आजार नाव घेऊन लिहायला हवा, असं आमचं मत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक विसरभोळेपणा कोविडचा नसतो. रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, टीबी, नैराश्य, यांतूनही असाच थकवा येतो, आणि यांवर इलाज आहेत. ते आधी तपासून घ्यावेत. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली म्हणजे आजार खोटा ठरवला असंही नाही, कारण दोन्ही एकत्र असू शकतं. एक बाजू अचानक लुळी पडली, बोलणं जड झालं, फिट आली, तर वाट न पाहता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. आणि ‘मेंदूचं धुकं एका महिन्यात साफ’ म्हणून महागडी पावडर विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. लाँग कोविड बरा करणारं सिद्ध झालेलं एकही औषध आज नाही. बऱ्याच जणांना काही महिन्यांत हळूहळू उतार पडतो, काहींना वर्षं लागतात.

डॉक्टरांकडे जाताना एक साधी वही न्यावी. कोविड किंवा ताप कधी आला, आधी कोणती कामं जमत होती आणि आता कोणती जमत नाहीत, कशानंतर त्रास वाढतो, किती दिवस टिकतो. दोन आठवड्यांची नोंद पुरे. ‘थकवा येतो’ यापेक्षा ‘सोमवारी दोन बादल्या पाणी भरलं, बुधवारी अंथरुणातून उठता आलं नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं असतं. आणि सोबत कुणीतरी जावं, कारण दवाखान्यात ‘काय काय होतं?’ हा प्रश्न ज्याला आठवत नाही त्यालाच विचारला जातो.