सर्वांना एकच इंजिन

मोटो-२ ही मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेतील मधली पायरी. तिच्या खाली मोटो-३ आणि वर मोटोजीपी. या मधल्या वर्गाचा एक नियम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला एकाच कंपनीचे, एकसारखे इंजिन बसवलेले असते. संघाने ते निवडायचे नाही आणि खोलायचेही नाही. २०१० ते २०१८ अशी नऊ वर्षे हे इंजिन होंडाचे होते. २०१९ पासून ते ट्रायम्फ या इंग्लिश कंपनीचे आहे.

मराठवाड्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला हा नियम चटकन समजेल. पटात ज्याची बैलजोडी त्याचा मान. जोडीवर मालक वर्षभर पैसा ओततो, म्हणून खिसा मोठा असणाऱ्याचे पारडे आधीच जड. उद्या आयोजकांनी सांगितले, की बैल आम्ही देणार, तेही एकाच गोठ्यातले आणि चिठ्ठी टाकून, तर स्पर्धा उरेल ती छकड्याची, जुवाची आणि धुरकऱ्याच्या हाताची. मोटो-२मध्ये नेमके हेच होते. सांगाडा, म्हणजे चॅसी, कोणाचाही चालतो. इंजिन मात्र सगळ्यांचे एका गोठ्यातले.

ही वेळ खर्चामुळे आली. २००९पर्यंत या जागी २५० सीसीच्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा वर्ग होता. त्या हलक्या आणि तिखट होत्या, पण सर्वांत वेगवान इंजिने मोजक्या कारखान्यांच्या हातात होती आणि कारखाना ती निवडक संघांना भाड्याने देई. बाकीच्यांनी शर्यतीला यायचे ते मागे राहण्यासाठीच. शिवाय रस्त्यावरून दोन-स्ट्रोक गाड्या हद्दपार होत असल्याने त्या तंत्रावर पैसा घालण्यात कंपन्यांनाही रस उरला नव्हता. म्हणून २०१० मध्ये चार-स्ट्रोक इंजिनांचा नवा वर्ग सुरू झाला. होंडाने आपल्या सीबीआर ६०० आरआर या दुकानात मिळणाऱ्या गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन थोडे फेरफार करून सर्वांना दिले. परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. चाळीसच्या आसपास गाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या. कतारची पहिली शर्यत जपानच्या शोया तोमिझावाने जिंकली आणि वर्षाचे विजेतेपद स्पेनच्या टोनी एलियासला मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिसानोच्या शर्यतीत तोमिझावाचा अपघाती मृत्यू झाला.

ही व्यवस्था चालते ती सीलवर. स्पेनमधील आरागॉन सर्किटजवळची एक्स्टर्नप्रो ही संस्था २०१३पासून सर्व इंजिनांची जुळणी, तपासणी आणि दुरुस्ती करते. इंजिन सीलबंद होऊन संघाकडे येते, ठरावीक अंतर धावले की परत जाते आणि त्याच्या जागी दुसरे येते. कोणते इंजिन कोणाला, हे चिठ्ठीवर ठरते. संघाच्या मिस्त्रीला पिस्टनला हात लावता येत नाही. आपल्याकडे गॅरेजमध्ये इंजिन खोलणारा तो खरा कारागीर मानला जातो. तिथे सर्वांत हुशार मिस्त्री इंजिनाला शिवतही नाही. तो सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, टायरमधली हवा, चेनस्प्रॉकेटचे दात आणि संगणकातले आकडे यांत गुंतलेला असतो.

ट्रायम्फने होंडाची जागा घेतली तेव्हा इंजिनाची जातच बदलली. नवे इंजिन ७६५ सीसीचे, तीन सिलिंडरचे. कंपनीच्या स्ट्रीट ट्रिपल आरएस या मधल्या ताकदीच्या गाडीतून ते घेतलेले. शर्यतीसाठी सिलिंडर हेडमधील हवेच्या आणि धुराच्या वाटा नव्याने कोरल्या, झडपा टायटॅनियमच्या केल्या, त्यांच्या स्प्रिंगा कडक केल्या, अल्टरनेटर हलका केला, पहिला गिअर लांब केला. नियंत्रणासाठी मॅग्नेटी मारेल्लीचा संगणक बसवला. ताकद १४० अश्वशक्तीच्या वर गेली आणि मोटो-२ची गाडी पहिल्यांदाच ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे पळाली.

तीन सिलिंडरचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. चार सिलिंडरचे लहान इंजिन खूप वेगाने फिरवले तरच जोर देते. दोन सिलिंडरचे खालच्या फेऱ्यांतच जोर देते, पण वर जाताना दम सोडते आणि थरथरते. तीन सिलिंडरांत ठिणग्यांमधील अंतर समान, क्रँकच्या दर २४० अंशांनी एक. त्यामुळे जोर मधल्या फेऱ्यांतच हाताशी येतो आणि गाडी वरही तितक्याच खुशीने ओढते. ज्याला आपण ‘पिकअप’ म्हणतो तो तांत्रिक भाषेत टॉर्क, आणि ट्रायम्फच्या इंजिनात तो होंडापेक्षा भरपूर. वळणातून बाहेर पडताना मागचे चाक घसरू लागते तेव्हा मूठ किती पिळायची, याची समज खेळाडूला इथेच यावी लागते. मोटोजीपीच्या दुप्पट ताकदीच्या गाडीवर बसण्याआधी ही शिकवणी उपयोगी पडते.

इंजिन एक केले म्हणून सगळे सारखे झाले, असे मात्र नाही. स्पर्धा इंजिनातून निघून सांगाड्यात शिरली. सुरुवातीला सुटर, मोरिवाकी, एफटीआर, स्पीड अप असे अनेक बनवणारे होते. मग जर्मनीच्या कालेक्सचा सांगाडा थोडा सरस ठरला, जिंकणारा संघ तोच घेऊ लागला म्हणून हरणाराही तोच घेऊ लागला, आणि काही वर्षांत निम्म्याहून अधिक रांग कालेक्सचीच दिसू लागली. २०१३पासून पुढची अकरा विजेतेपदे सलग त्याच सांगाड्यावर गेली. ही साखळी २०२४ मध्ये जपानच्या आय ओगुराने बॉस्कोस्कुरोच्या गाडीवर तोडली. एक मक्तेदारी नियमाने आणली, तर दुसरी आपोआप आली. टायरही एकाच कंपनीचे असतात, आधी डनलॉप आणि २०२४पासून पिरेली. इतके सगळे समान असल्यावर पहिल्या आणि दहाव्या खेळाडूत सेकंदाचे काही दशांश उरतात, आणि म्हणूनच मार्क मार्केझ, बान्याया, आकोस्ता यांसारखी मुले इथून निवडून वर नेता येतात. खेळाडू पारखण्याची ही सर्वांत चोख चाळणी आहे. तंत्रज्ञान पुढे नेण्याची प्रयोगशाळा म्हणून मात्र ती बेताचीच.

इंजिन पुरवणाऱ्याला यात काय मिळते? त्याला हार नसते. शर्यत कोणीही जिंको, इंजिन त्याचेच. पण त्याला खरा विजयही नसतो, कारण ज्याने हरवायचे असा समोर कोणी नाही. ट्रायम्फने या सौद्याचे चीज केले ते दुकानात. २०१९ मध्ये डेटोना मोटो-२ ही गाडी युरोप-आशियासाठी ७६५ आणि उत्तर अमेरिकेसाठी ७६५ एवढीच बनवली. २०२३ मध्ये नवी स्ट्रीट ट्रिपल ७६५ आणली. तिच्या आरएस प्रकाराला १३० अश्वशक्ती आणि ८० न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि ही वाढ मोटो-२च्या अनुभवातून आल्याचे कंपनी सांगते. पुरवठ्याचा करार २०२९पर्यंत वाढलेला आहे.

याच्या अगदी उलट वाट एका मुंबईच्या कंपनीने धरली होती. महिंद्रा २०११ मध्ये जागतिक शर्यतींत उतरली ती १२५ सीसी वर्गात आणि पुढे मोटो-३ मध्ये. तिथे प्रत्येक कारखाना आपले इंजिन आणतो. समोर होंडा आणि केटीएम. २०१३ मध्ये मलेशियात मिगेल ऑलिव्हेराने महिंद्राला पहिल्यांदा पहिल्या तिघांत नेले. जून २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या आसेन सर्किटवर फ्रान्चेस्को बान्यायाने महिंद्राच्या गाडीवर शर्यत जिंकली. पुढे हाच बान्याया मोटोजीपीचा दोनदा विजेता झाला. २०१७ नंतर महिंद्राने हा खेळ सोडला. पैशाच्या हिशेबात ही वाट तोट्याची असेल, पण आसेनचा तो विजय स्वतःच्या इंजिनाने दुसऱ्यांच्या इंजिनांना हरवून मिळवलेला होता. असा विजय ट्रायम्फला मोटो-२मध्ये कधीच मिळू शकत नाही.

ट्रायम्फचे महाराष्ट्राशी नाते वेगळ्या, बजाज ऑटोच्या दारातून आले. एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला बजाजचा कारखाना १९९९पासून आहे. त्याआधी, १९८५ मध्ये, वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातील अनेक मुलांना कामाची वाट मिळाली. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि ड्यूक, आरसी या गाड्या चाकणहून जगभर जाऊ लागल्या. त्यांतील आरसी ३९० जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या नवोदितांच्या चषकात धावली. तिथे तर इंजिनच नव्हे, अख्खी गाडीच सर्वांना एक. म्हणजे एकाच पुरवठादाराच्या शर्यतीत चाकणचा माल ट्रायम्फच्या मोटो-२ करारापूर्वीच पोचलेला होता.

बजाज आणि ट्रायम्फ यांच्या भागीदारीची घोषणा २०१७ची. तिच्यातून निघालेली स्पीड ४०० भारतात ५ जुलै २०२३ रोजी आली, किंमत शोरूममध्ये २ लाख ३३ हजार. इंजिन ३९८ सीसीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे. ४० अश्वशक्ती आणि ३७.५ न्यूटन-मीटर. त्याच वर्षी स्क्रॅम्बलर ४०० एक्स आली. २०२४ मध्ये आली स्पीड टी४. तिची ताकद मुद्दाम ३१ अश्वशक्तीपर्यंत उतरवली, पण टॉर्क ३६ न्यूटन-मीटर ठेवला आणि तो बराच खालच्या फेऱ्यांत आणून बसवला.

या गाड्यांना लावल्या जाणाऱ्या ‘मिडलवेट’, म्हणजे मधल्या वर्गाची, या शब्दाचा घोळ इथे दूर करायला हवा. कुस्तीतल्या वजनगटासारखा तो वाटतो, पण गाडीच्या वजनाशी त्याचा संबंध कमी आणि इंजिनाच्या आकाराशी जास्त. युरोपात साधारण ६०० ते ९०० सीसी म्हणजे मधला वर्ग. भारतात शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचे राज्य असल्याने साडेतीनशे-चारशेची गाडीच मधली ठरते. सरकारच्या लेखी तर चारशेची गाडी वरचीच. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के. ३९८ सीसीची स्पीड ४०० तेव्हा ४८ सीसीने त्या रेषेपलीकडे पडली.

टाकीवरचे नाव एक असले, तरी चाकणच्या या इंजिनात आणि मोटो-२च्या इंजिनात साम्य जवळपास नाही. सिलिंडरांची संख्या वेगळी, आकार वेगळा, आखणी वेगळी, काम वेगळे. स्ट्रीट ट्रिपल आर घ्यायची तर २०२३ मध्येच दहा लाखांच्या वर मोजावे लागत होते. शर्यतीच्या इंजिनाचे नाते आहे ते तिच्याशी. दुकानातील भिंतीवर मोटो-२चे पोस्टर आणि खाली चारशेची गाडी, ही मांडणी विक्रीसाठी चतुर आहे, इतकेच.

याचा अर्थ चारशेची गाडी वाईट, असा नव्हे. बीडच्या रस्त्यांवर ताशी ३०० किलोमीटरचा काही उपयोग नाही. धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडाला जाणारा माणूस बहुधा डबलसीट असतो, बरोबर पिशवी असते आणि पुढे चढ असतो. तिथे लागतो तो खालच्या फेऱ्यांतला टॉर्क, आणि त्या बाबतीत ३१ अश्वशक्तीची टी४ चाळीस अश्वशक्तीच्या स्पीड ४००हून उणी पडत नाही. गाडी घेण्याआधी शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून समाधान मानू नये. मागे माणूस बसवून, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये ती चालवून पाहावी.