भारी कॅमेरा घेतला म्हणजे प्रोफेशनल फोटोग्राफर होतो का? एका लग्नात मला कळलेलं उत्तर

"कोणता कॅमेरा घेऊ?", "फोनवर लग्नाचं शूट होईल का?", "फोटोग्राफीत करिअर करायचंय, काय काय लागेल?" हे प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फोटोग्राफर नाही. पण प्रोफेशनल फोटोग्राफर नेमकं काय करतो, हे मी एकदा चांगलीच किंमत मोजून शिकलोय. आज तेच समजून घेऊ, त्यामागच्या टेक्नॉलॉजीसकट.

आधी किस्सा

पुण्यात पहिली नोकरी लागल्यावर मी साठवलेल्या पगारातून एक डीएसएलआर घेतला. कास पठार, सिंहगड, झालंच तर सौताड्याचा धबधबा, असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचो. लाइक्स यायचे. त्याच वर्षी चुलत बहिणीचं लग्न ठरलं, केज तालुक्यातल्या आमच्या गावी. काका म्हणाले, "तुझ्याकडं एवढा भारी कॅमेराय की, मग फोटोवाल्याला कशाला पैसे द्यायचे?" मलाही वाटलं, त्यात काय एवढं?

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद झाली. आजीने नातीला हळद लावली, तेही फोटो काढले. अकराच्या सुमाराला कॅमेऱ्यावर कार्ड एररचा मेसेज आला. फॉरमॅट करा म्हणत होता. नवरदेव मारुतीच्या पाराकडे निघाला होता, बँड सुरू झालेला, लग्नाची वेळ १२:३५ ची. माझ्याकडे दुसरं कार्ड नव्हतं. मी फॉरमॅट दाबलं आणि पुढे चारेकशे फोटो काढले. डोक्यात हेच होतं की आपण इंजिनिअर आहोत, रात्री रिकव्हर करू.

सकाळच्या त्या फोटोंपैकी बरेचसे परत आले नाहीत. आजीचे तर एकही नाही. असं का झालं ते खाली सांगतो. त्याच वर्षी दिवाळीनंतर आजी गेली.

फोन की कॅमेरा? आधी सेन्सर समजून घ्या

फोटो म्हणजे गोळा केलेला उजेड. सेन्सर जितका मोठा, तितका उजेड जास्त. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी असतो. महागड्या फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ७० चौरस मिमीच्या आसपास. म्हणजे जवळपास १२ पट फरक!

मग फोनचे फोटो इतके छान कसे येतात? सॉफ्टवेअरमुळे. ५० मेगापिक्सेलचा फोन बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. शिवाय तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. कंकालेश्वराचं मंदिर संध्याकाळी शूट करायचं असेल तर हे भारी चालतं, कारण मंदिर जागचं हलत नाही.

लग्नात मात्र सगळं हलतं. शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो आणि अक्षता उडतात, तो सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. अंधुक उजेडात फोनचा नाइट मोड फ्रेम जोडायला गेला की हात पुसट होतात, अक्षतांच्या रेघा दिसतात. इथे शटर स्पीड निदान १/२५० सेकंद लागतो. एवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड आत यायला मोठा सेन्सर आणि मोठ्या छिद्राची लेन्स हवी, नाहीतर फ्लॅश.

म्हणजे कॅमेऱ्याने फरक पडतो, नक्कीच पडतो. पण माझ्याकडे तो होताच की. तरी मी नापास झालो.

मांडवातला पिवळा उजेड आणि रॉ फाइल

आपल्याकडची बरीच लग्नं भर उन्हाळ्यात, भर दुपारी. मांडवाला लाल-पिवळं कापड. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत कापडातून गाळून आलेला रंगीत उजेड. नवरीचा चेहरा पिवळा, मागचं सगळं पांढरंफटक. माझे निम्मे फोटो असेच आले.

मी जेपेगमध्ये शूट करत होतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने रंग ठरवून बाकीची माहिती फेकून दिलेली असते. रॉ फाइल १४ बिटची असेल तर १६,३८४ पायऱ्या मिळतात. फाइल मोठी होते, पण नंतर कॉम्प्युटरवर पिवळेपणा काढता येतो, उन्हात उडालेला भाग काही प्रमाणात परत आणता येतो. जेपेग म्हणजे शिजलेली भाजी आणि रॉ म्हणजे निवडून ठेवलेली भाजी. मीठ जास्त झालं की शिजलेल्या भाजीचं फार काही करता येत नाही.

प्रोफेशनल माणूस आदल्या दिवशीच मांडव बघून येतो. नवरा-नवरी कुठे उभे राहणार, ऊन कुठून येणार, लाइट गेली तर जनरेटर आहे का, हे सगळं विचारून घेतो. मी लग्नाला पाहुणा म्हणून गेलो होतो, फरक तिथूनच सुरू झाला.

फॉरमॅट केल्यावर फोटो जातात कुठे?

आता इंजिनिअरिंगचा भाग. मेमरी कार्ड हे वहीसारखं असतं. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, पुढे मजकूर. कॅमेऱ्यात साधं फॉरमॅट केलं की फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. म्हणूनच फोटोरेकसारखं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर कार्ड वाचून जुने फोटो शोधू शकतं.

पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने आता वही कोरी असते. पुढचा फोटो तो साधारणपणे पहिल्या पानापासून लिहायला लागतो. म्हणजे दिवसाचे सगळ्यात आधीचे फोटो सगळ्यात आधी खोडले जातात. माझे सगळ्यात आधीचे फोटो कोणते होते? हळदीचे, आजीचे. त्यांच्यावर मी वरातीचे फोटो लिहून टाकले. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. घाईच्या वेळी ते आठवलं तरी उपयोग नव्हता, कारण खिशात दुसरं कार्डच नव्हतं.

लक्षात ठेवा: फोटो चुकून डिलीट झाले किंवा कार्ड एरर आली, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून बाजूला ठेवा आणि दुसरं वापरा. फोनमध्ये असं झालं तर आधी गॅलरीतलं ट्रॅश फोल्डर बघा.

प्रोफेशनल कॅमेऱ्यात बहुतेक वेळा दोन कार्डांची सोय असते आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीवर लिहिता येतो. घरी आल्यावर ३-२-१ चा नियम: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. सॉफ्टवेअर कंपन्यांत हा नियम सगळे सांगतात, पण तो लोकप्रिय केला पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरने. आम्ही इंजिनिअर लोकांनी तो फोटोवाल्यांकडून घेतलाय!

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो भिंतीवर का फाटतो?

आजी गेल्यावर फोटो शोधायची वेळ आली. लग्नाच्या दिवशी कुणीतरी फोनवर तिचा एक फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता. मूळ फोन नंतर रीसेट झालेला. उरली ती फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत.

व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. १६०० भागिले ३०० म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. आम्हाला हवी होती १२ × १८ ची फ्रेम. १८ इंचांवर तोच फोटो ताणला की इंचाला ८९ च्या आसपास पिक्सेल उरतात. आज घरात भिंतीवर जी आजी आहे, तिचे डोळे जवळून बघितले तर स्पष्ट दिसत नाहीत.

म्हणून घरातल्या माणसांचे चांगले फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आणि वर्षातून एकदा तरी फोनमधले फोटो हार्ड डिस्कवर घ्या.

पैसे जास्त घेतात, असं वाटतं ना?

मलाही वाटायचं. एकदा हिशोब करून बघा. समजा कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर मिळून पाच लाखांचं सामान आहे, ते पाच वर्षं चालणार आणि वर्षाला २५ लग्नं मिळणार. म्हणजे १२५ लग्नं. प्रत्येक लग्नामागे ४,००० रुपये नुसत्या सामानाचे. त्यात जोडीदाराची मजुरी, प्रवास, अल्बमची छपाई आणि हजारो फोटोंमधून निवड करून एडिटिंग करायला लागणारे दिवस धरा. आणि लग्नाच्या तिथी काही वर्षभर नसतात, पावसाळ्यात घर याच पैशांवर चालवायचं असतं.

कायद्याच्या बाजूनेही 'प्रोफेशनल' या शब्दाने फरक पडतो. दोन उदाहरणं बघा.

१. फोटो कोणाचा? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता आणि साधारणपणे मालकही तोच. पण तुम्ही मोबदला देऊन कोणाकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे लग्नाचे फोटो फोटोग्राफरला स्वतःच्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे असतील तर ते आधी लेखी ठरवलेलं बरं. फोटो आपण काढलाय हे सांगण्याचा हक्क मात्र फोटोग्राफरकडेच राहतो.

२. ड्रोन कोण उडवणार? २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलोचा ड्रोन हौस म्हणून उडवला तरी लागत नाही. पण तोच ड्रोन धंद्यासाठी उडवला की लागतं. ड्रोन तोच, आभाळ तेच, पण पैसे घेतले की जबाबदारी बदलते.

आपल्याच भागातलं जुनं उदाहरण

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दरबाराचे फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). सहाव्या निजामाने त्यांना 'राजा' किताब दिला. गंमत म्हणजे तेही इंजिनिअरिंगवाले! रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करत होते आणि फोटोग्राफी हौस म्हणून सुरू केली होती. पुढे सिकंदराबाद, इंदूर, मुंबई इथे त्यांचे स्टुडिओ झाले. काचेच्या प्लेटवर फोटो काढायचा तो जमाना, स्क्रीनवर लगेच बघायची सोय नव्हती. तरी समोरच्याला खात्री असायची की फोटो येणारच.

अलीकडचं नाव घ्यायचं तर सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रोफेशनल म्हणजे फक्त लग्नाचे फोटो नव्हेत, हेही यातून कळतं. आपल्या जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे किती फोटो असतील, याचा कधी विचार केलाय?

मग प्रोफेशनल म्हणजे नक्की कोण?

छान फोटो हौशी माणूसही काढतो, कधीकधी प्रोफेशनलपेक्षा छान काढतो. पण त्याला वाटेल तेव्हा. कार्ड बिघडलं, लाइट गेली, पाऊस आला, तरी ठरलेल्या दिवशी ठरलेला फोटो हातात देणारा तो प्रोफेशनल. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर बंद पडणार हे धरूनच सिस्टीम बनवतो. तो कॅमेरा बंद पडणार हे धरूनच घरातून निघतो.

तुम्हाला या क्षेत्रात यायचं असेल तर कॅमेरा घ्यायच्या आधी हे करा:

• आहे त्याच फोनचा प्रो मोड शिका. शटर स्पीड, आयएसओ, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. सोय असेल तर रॉमध्ये काढा.
• गावातल्या स्टुडिओवाल्याबरोबर पाच लग्नं फुकट करा, नुसता फ्लॅश धरायला का होईना.
• पहिल्या कॅमेऱ्याबरोबर दुसरं कार्ड आणि दुसरी बॅटरी घ्याच.
• ओळखीतलं काम असलं तरी तारीख, पैसे, किती फोटो आणि कधी देणार हे लिहून घ्या.
• जबाबदारी झेपणार नसेल तर काकांना सरळ नाही म्हणा.

मागच्या वर्षी धाकट्या चुलत बहिणीचं लग्न झालं. काकांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काका, फोटोवाल्याचा इसार मी देतो." अंबाजोगाईचा एक फोटोग्राफर दादा आला, आदल्या दिवशीच मांडव बघून गेला. हळदीनंतर मी त्याला हळूच विचारलं, "दादा, दोन्ही कार्डांवर घेताय ना?" तो हसला आणि म्हणाला, "तीन ठिकाणी असतंय आपलं. तुम्ही जाऊन हळद लावा." मग मी कॅमेरा नसलेल्या हातांनी बहिणीला हळद लावली.