पाहुण्यांची सुरत

सुरतेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे पाहुणा आला, म्हणजे तो बहुधा लग्नाचा बस्ता बांधावयास आलेला असतो. रिंग रोडवरील कापडबाजारात दोन दिवस घालवावयाचे, साड्यांचे गठ्ठे बांधून घ्यावयाचे, सोबत घारीचा एखादा डबा, की परतीची गाडी. इंदूरचा असो, बडोद्याचा असो की हैदराबादेचा, क्रम ठरलेला. आणि गाडी सुटावयास दहा मिनिटे उरली असता फलाटावर उभ्या उभ्या तो विचारतो, ‘‘बाकी सुरतेत पाहण्यासारखे काय आहे हो?’’ या प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटांत देता येण्यासारखे नाही. म्हणून ते येथे थोडे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

आमचे वास्तव्य नवागामात. हा भाग शहराच्या आग्नेयेस, उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूस. येथे, शेजारच्या डिंडोलीत आणि लिंबायतेत खानदेशी वस्ती इतकी, की भाजीच्या गाडीपाशी गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी ऐकू येते. आमची मंडळी यंत्रमागांवर काम करावयास आली, पण त्यांची वाट नवी नव्हे. बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईस उगम पावणारी तापी बऱ्हाणपूर, भुसावळ असा प्रवास करीत खानदेश ओलांडते आणि उकाईचे धरण भरून सुरतेस समुद्राला मिळते. खानदेशी माणूस नदीबरोबर खाली उतरला, एवढेच. तापी ही सूर्याची कन्या. तिची जयंती आषाढ शुद्ध सप्तमीस येते आणि सुरतकर त्या दिवशी तिला चुनरी अर्पण करतात. हीच कन्या २००६ च्या ऑगस्टात कोपली, तेव्हा शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली होता.

पाहुण्यास आम्ही प्रथम चौक बाजारातील किल्ल्यावर नेतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेवर वारंवार हल्ले केले, म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंद खानाने १५४० नंतरच्या काही वर्षांत हा किल्ला तापीच्या काठी बांधला. पुढे तो १५७३ मध्ये अकबराकडे आणि १७५९ मध्ये इंग्रजांकडे गेला. अनेक वर्षे त्यात सरकारी कचेऱ्या होत्या. अलीकडे महानगरपालिकेने त्याची चांगली दुरुस्ती करून आत संग्रहालय मांडले आहे. राजगड-रायगड पाहिलेल्या मराठी डोळ्यांना हा किल्ला ठेंगणा वाटतो. डोंगर नाही, चढण नाही. धाप लागल्याविना किल्ला पाहिल्याचे समाधान आपल्याला होत नाही, त्याला इलाज नाही.

पण याच किल्ल्यात १६६४ च्या जानेवारीत सुरतेचा सुभेदार इनायत खान दार लावून बसला होता, आणि शहर शिवाजी महाराजांच्या फौजेपुढे मोकळे पडले होते. महाराजांचा तळ बऱ्हाणपुरी दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला होता. बऱ्हाणपूरची वाट म्हणजे खानदेशातून येणारी वाट. ही हकिगत सांगताना आम्हांस वर्गातील एक प्रसंग आठवतो. इतिहासाचा तास चालू असता सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, शेजारचा मुलगा मला चिडवतो, तुमच्या राजाने आमचे गाव लुटले म्हणून. मी सुरतेतच जन्मलो. मग मी कोणाच्या बाजूचा?’’

महाराष्ट्रातल्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारणार नाही. तेथे ‘बेसुरत’ हा शब्द आला, की मुलांच्या छात्या फुगतात आणि धडा पुढे सरकतो. सुरतेत तो सरकत नाही. आम्ही त्या मुलास जे सांगितले, तेच पाहुण्यास सांगतो. औरंगजेबाच्या मामाने, शायिस्ताखानाने, तीन वर्षे पुणे प्रांत तुडवून काढला होता. त्या खर्चाची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करून घेणे ही राजनीती होती. पण त्या चार-पाच दिवसांत घरे जळाली, माणसे मेली, हेही खरे, आणि ते सांगताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही. फ्रेंच प्रवासी बर्निए याने नमूद केले आहे, की कॅप्युचिन पंथाचे फादर अँब्रोज यांच्या मठास मराठ्यांनी हात लावला नाही. त्याचप्रमाणे डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो मोठा दानशूर होता म्हणून, सोडून दिले. मोहनदास पारेख ते हेच, असे मानतात. लुटीत ज्याचे घर राखले तो सुरतकर, आणि ज्याने राखले ते आपले महाराज. दोघांचेही नाव अभिमानाने घेता येते, असे आम्ही त्या मुलास म्हणालो. त्याचे समाधान झाले किंवा कसे, हे त्याने सांगितले नाही. पुढच्या रविवारी तो आमच्याबरोबर कबरस्तान पाहावयास मात्र आला.

होय, कबरस्तान. सुरतेतील सर्वांत प्रेक्षणीय वास्तू या थडग्यांच्या आहेत, हे आम्ही पूर्ण विचाराने लिहीत आहो. कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांची दफनभूमी आहे. तेथे जॉर्ज ऑक्झेंडन हा आपला भाऊ ख्रिस्तोफर याच्यासह चिरनिद्रा घेत आहे. १६६४ मध्ये इंग्रजांच्या वखारीचा हा अध्यक्ष. सुभेदार किल्ल्यात लपला असता याने मूठभर माणसांनिशी वखार राखली. १६६९ मध्ये तो येथेच वारला. ख्रिस्ती माणसाच्या थडग्यावर घुमट, कमानी आणि कोपऱ्यांवर मनोरे पाहून पाहुणा गोंधळतो. दुरून ही एखाद्या नबाबाची कबर वाटते. परदेशी व्यापाऱ्यांना येथील वैभवाची अशी बाधा झाली होती, की मरणानंतरही त्यांना मोगली थाट हवासा वाटे.

तेथून जवळच डचांचे कबरस्तान आहे. त्यातील सर्वांत भव्य थडगे हेन्ड्रिक व्हान रेडे याचे. तो १६९१ मध्ये वारला. इंग्रजांच्या थडग्यावर ताण करण्यासाठी हे दुमजली घुमटाचे थडगे उभारले, असे म्हणतात. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, याचे कारण निराळे आहे. व्हान रेडे मलबारात डचांचा अधिकारी असताना त्याने तेथील वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ नावाचा प्रचंड ग्रंथ तयार करविला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅम येथे निघाले. या कामी त्यास मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी साहाय्य केले, आणि त्यांचे कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील साक्षपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले गेले. आपली अक्षरे युरोपातील कागदावर इतक्या लवकर उमटविणारा हा डच माणूस सुरतेच्या एका गल्लीत पुरलेला आहे, आणि शेजारच्या अंगणात मुले क्रिकेट खेळत असतात. लगतच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. त्यांवरील लिपी आम्हांस वाचता येत नाही. परंतु इतक्या दूरच्या देशाची माणसे येथे संसार करून गेली, हे दगड पाहूनच कळते.

सुरत ही अशी आल्यागेल्यांची. मोगलसराईत जाऊन उभे राहिले, की हे अधिक पटते. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, व्यापारी आणि हजयात्रेकरू यांच्या उतरण्यासाठी बांधलेली ही धर्मशाळा. मक्केस जाणारी जहाजे सुरतेहून सुटत, त्यामुळे हिंदुस्थानभरचे यात्रेकरू येथे मुक्कामास असत. त्याच इमारतीतून शंभराहून अधिक वर्षे शहराचा कारभार चालत आला आहे; ज्या वास्तूत परक्यांना आसरा मिळाला तिच्यात घरपट्टी भरावी लागणे हा काळाचा महिमा. पारशांच्या दोन आतशबेहराम अग्यारी येथे आहेत, दोन्ही १८२३ मधल्या. आत जाण्याची परवानगी परधर्मीयांस नसते, तेव्हा बाहेरूनच नमस्कार करावा. दाऊदी बोहऱ्यांचे थोर विद्यापीठ झांपा बाजारात आहे, जैनांचे लाकडी कोरीव कामाचे चिंतामणी देरासर शाहपोरात आहे. ख्वाजा दाना यांच्या दर्ग्यावर उरुसाच्या वेळी हिंदू बायाही नवस फेडावयास जातात.

मराठी पाहुण्यास दाखवावयाच्या दोन गोष्टी मात्र डोळ्यांनी दिसत नाहीत, त्या सांगाव्या लागतात. पहिली फ्रेंच बागेची. १९०७ च्या डिसेंबरात नागपूरला भरावयाची काँग्रेस सुरतेस हलविली गेली, ती या बागेत भरली. लोकमान्य टिळक व्यासपीठावर बोलावयास उभे राहिले, गोंधळ माजला, एक मराठी जोडा हवेतून आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फेरोजशहा मेहता यांना लागला. जहाल आणि मवाळ तेथे दुभंगले, ते लखनौच्या १९१६ च्या अधिवेशनापर्यंत.

दुसरी गोष्ट आम्हां मास्तर मंडळींच्या विशेष जिव्हाळ्याची. मराठी भाषेचे पहिले विस्तृत व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांसह त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. जातिभेद, भूतपिशाचांचे भय, विधवांची दशा या विषयांवर तीत उघड चर्चा होई. या मित्रांपैकी पाचांची नावे ‘द’ने सुरू होत, म्हणून लोक त्यांना पाच दद्दे म्हणत. दादोबांनी पुढे मुंबईत परमहंस सभा स्थापिली, तिचे बीज सुरतेत पडले. गुजराती समाजसुधारणेच्या या आरंभी एक मराठी वैयाकरण बसलेला आहे, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. सुरतेवर चालून आलेल्या मराठ्याचे नाव मुलास ठाऊक असते. सुरतेस शिकविण्यास आलेल्या मराठ्याचे नाव त्यास आम्हीच सांगावे लागते. त्यानंतर आमलीरान भागातील कवी नर्मदांचे ‘सरस्वती मंदिर’ हे घर पाहावे. ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश त्यांनी एकट्याच्या हिमतीवर रचला.

आधुनिक सुरतेबद्दल आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तिची जाहिरात करणारे पुष्कळ आहेत. जगातील दहा हिऱ्यांपैकी नऊ येथे पैलू पाडले जातात असे सांगतात. महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुड्यांतून लक्षावधींचे हिरे दाखविणारे व्यापारी पाहावेत. २०२३ मध्ये उघडलेली हिरे-बाजाराची प्रचंड इमारतही आहे, पण ती पाहून मान दुखते. जरीचे काम मात्र अवश्य पाहावे. येवल्याच्या पैठणीच्या पदरातली जर बहुधा सुरतेचीच असते. डुमसचा समुद्र काळ्या वाळूचा आहे. कोकण पाहिलेल्यांनी तेथे भजी खाऊन परतावे. आणि १९९४ च्या प्लेगच्या वेळी ज्या शहरातून लोक आगगाड्यांच्या टपांवर बसून पळाले, ते २०२३ च्या देशव्यापी स्वच्छता-पाहणीत इंदूरबरोबर पहिले आले, हे रस्त्याकडे पाहत चालताना ध्यानात ठेवावे.

पाहुण्यांपैकी फार थोडे नवागामात येतात. येथे पाहावयाचे काय, असा त्यांचा सूर असतो. त्यांनी श्रावणात यावे. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागविली जाते, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर कानबाई घेऊन बाया वाजतगाजत विसर्जनास निघतात. ओडिया शेजारणी दारात उभ्या राहून हात जोडतात. येथील नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. सकाळी प्रार्थनेच्या वेळी अशा दोन-तीन शाळा एकाच आवारात भरतात तेथे उभे राहावे. आमच्या मते सुरतेतील हे दृश्य किल्ल्याहून कमी नव्हे, आणि त्यास तिकीट नाही.

खाण्याविषयी लिहिले नाही, तर आमचे सुरतकर मित्र आम्हांस क्षमा करणार नाहीत. लोचो गरम असतानाच खावा, तेल व शेव घालून. घारी चांदनी पडव्याची, म्हणजे शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. नानखटाई डचांच्या भट्टीवर काम करणाऱ्या पारशांनी पुढे चालविली, असे सांगतात. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी पोंक मिळतो. तो आपला ज्वारीचा हुरडाच. येथे त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालतात. खानदेशी पाहुणे प्रथम नाक मुरडतात, मग आणखी पाव किलो मागतात.

आता व्यवहाराचे. किल्ला, दोन्ही दफनभूमी आणि मोगलसराई हे सारे जुन्या शहरात जवळजवळ आहे. रिक्षाने सकाळी निघाल्यास जेवणापर्यंत आटोपते. बस्त्यासाठी येणाऱ्यांनी शनिवारी रात्री उतरावे. रविवारी कापडबाजारातली बहुतेक दुकाने बंद असतात, आणि घरच्या मंडळींना दुसरीकडे नेण्यास तेवढी एकच संधी आम्हांस मिळते.