काढा आणि किरणोपचार

झाशी आपणांस राणी लक्ष्मीबाईंमुळे ठाऊक आहे. औषधांचे गाव म्हणून ती फारशी कोणाला ठाऊक नसते. परंतु तेथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आयुर्वेदीय औषधांचा मोठा कारखाना आहे, आणि नेवाळकरांच्या अमदानीत उत्तरेत गेलेल्या मराठी घराण्यांची वस्तीही आहे. अशा एखाद्या घरातील वडीलधाऱ्या माणसास फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि किरणोपचारासाठी त्यांना ग्वाल्हेरला, किंवा पंजाब मेलने थेट मुंबईला न्यावयाचे ठरले, तर वळकटीबरोबर काढ्याचे पुडकेही बांधले जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. ते पुडके तेथील डॉक्टरांस दाखवावे की लपवावे, एवढाच प्रश्न. पुष्कळ घरे ते लपवितात. डॉक्टर रागावतील ही भीती असते, आणि ती अगदीच निराधार असते असेही नाही.

चीनमध्ये हाच प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. तेथील रुग्णालयांतून किरणांच्या जोडीने परंपरागत काढे उघडपणे दिले जातात. हुआंगची नावाच्या मुळीमुळे किरणांनी येणारी फुप्फुसाची सूज कमी होते, असे सांगणारे अनेक प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत. मात्र त्यांतील बरेचसे लहान आणि सैल बांधणीचे असल्याने परीक्षकांनी त्यांवर निर्णायक शिक्का मारलेला नाही. आपल्याकडे पुण्याजवळ वाघोलीलाही कर्करोगावर आयुर्वेद व आधुनिक उपचार सोबतीने करण्याचा उपक्रम चालत आला आहे.

आता किरणांचे काम पाहू. किरण पेशीत शिरले म्हणजे तेथे अतिशय क्रियाशील असे कण निर्माण होतात आणि ते पेशीच्या जननद्रव्याची मोडतोड करतात. निरोगी पेशी ही हानी बव्हंशी भरून काढते. रोगट पेशीस ते तितकेसे साधत नाही. म्हणूनच मात्रा थोडी थोडी, आठवड्यातून ५ दिवस, बहुधा ६ आठवडे देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अन्ननलिका सोलवटल्यासारखी होते आणि घास उतरेना होतो. अशा वेळी ज्येष्ठमध आठवणे स्वाभाविक आहे. चिनी वैद्यही ते वापरतात. परंतु तेच ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते.

याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. निरोगी पेशीस जे कवच देते, ते रोगट पेशीसही देणार नाही कशावरून? कॅनडात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. किरणोपचाराच्या काळात ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन दिलेल्यांना त्रास कमी झाला, पण रोग त्याच जागी उलटण्याकडे कल अधिक दिसला. फिनलंडमध्ये तर, १९९४ च्या अहवालानुसार, धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिल्याने फुप्फुसाचा कर्करोग वाढला. च्यवनप्राश म्हणजे बीटा-कॅरोटीन नव्हे, हे खरे. तरीही ‘शक्तीचे औषध आहे, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य या ६ आठवड्यांत उच्चारू नये.

परंपरेत काही नाही, असा याचा अर्थ नव्हे. हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० नंतरच्या दशकात जुन्या नुसख्यातला सोमल निवडून काढला, त्याची मात्रा ठरविली, आणि रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर तो आज जगन्मान्य उपचार आहे. तो शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिला जातो. घरी आणलेल्या पुडीतल्या भस्माचे तसे नसते. यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या बिघडल्या, तर दोष किरणांबरोबरच्या औषधांचा की पुडीचा, हे डॉक्टरांस पुडीविषयी कळल्यावाचून ठरविता येत नाही.

आणि झाशीला परत आल्यावरचे एक. किरणोपचार संपून १ ते ६ महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप सुरू झाला, तर घरचे म्हणतात, हवा बदलली. आणि सितोपलादी चूर्ण मधात कालवतात. ही किरणांनी आलेली फुप्फुसाची सूज असू शकते. तीवर वेळीच उपाय असतो. चाटण चालू ठेवावयाचे तर ठेवा, पण छातीचे चित्र त्याच आठवड्यात काढून घ्या, आणि ते पाहणाऱ्या डॉक्टरांस किरण कोणत्या बाजूस व केव्हा दिले ते कागद दाखवा.