मतदार कार्ड हरवले म्हणून मत हरवत नाही

मतदानाच्या दिवशी आपल्या वस्तीत हमखास दिसणारे दृश्य: एखादी आजी केंद्रावरून परत येते, कारण ‘कार्ड सापडंना’. दुसरीकडे कार्ड खिशात घेऊन गेलेला तरुण यादीत नाव नाही म्हणून परत येतो. दोघांच्या बाबतीत चूक एकच. मताचा हक्क कार्ड देत नाही, मतदार यादी देते. आलेली व्यक्ती यादीतलीच आहे, एवढेच कार्डाने पटवायचे असते.

म्हणून यादीत नाव असेल तर आजींना परत यायचे कारण नव्हते. विधानसभा-लोकसभेसाठी निवडणूक आयोग मतदार कार्डाशिवाय 12 ओळखपत्रे मान्य करतो. त्यांपैकी आपल्या घरांत सापडणारी म्हणजे आधार, पॅन, वाहन परवाना, मनरेगाचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, फोटोसह पेन्शनची कागदपत्रे, दिव्यांगांचे युडीआयडी कार्ड, सरकारी नोकरीचे फोटो ओळखपत्र. मूळ कागद न्यावा, झेरॉक्सवर विसंबू नये.

चालत नाही ते कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावे. रेशन कार्ड या यादीत नाही. कॉलेजचे ओळखपत्र नाही. आपण जिवापाड जपतो तो जातीचा दाखलाही नाही. आपण घरोघर वाटतो ती मतदार चिठ्ठी 2019 पासून एकटी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याची ओळखपत्रांची सूचना वेगळी निघते, ती वाचावी.

नावात काना-मात्रेची चूक असली तरी ओळख पटत असेल तर मतदान करू द्यावे, असे आयोगाचेच निर्देश आहेत. फोटो जुळत नसेल तर मात्र वरीलपैकी दुसरे ओळखपत्र लागते. लग्नानंतर किंवा भाड्याची खोली बदलल्यावर फॉर्म 8 वेळेत भरला तर हा ताप टळतो. नावच नसेल तर फॉर्म 6. तोही आधीच भरायचा, मतदानाच्या दिवशी केंद्रावर नाव घालता येत नाही.

1928 साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मत शेतसारा आणि मालमत्तेवर ठरत होते. आज पासबुकातला फोटो पुरतो.

आत गेल्यावर एखाद्या पोलिंग एजंटाने ‘ही ती व्यक्ती नाही’ असा आक्षेप घेतला तर घाबरू नये. त्यासाठी त्याला 2 रुपये भरावे लागतात आणि आधी पुरावाही त्यानेच द्यायचा असतो. आणि ‘तुमचे मत पडून गेले’ असे सांगितले तर भांडत बाहेर येऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की मतपत्रिका मिळते. ते मत यंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात राहते. पण तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकल्याची नोंद सरकारी कागदावर होते.