मॉरिशस : आलेले मजूर आणि घडलेलें बेट

परदेशांतून माणसें येऊं लागलीं म्हणजे यजमान देशांतील कष्टकऱ्यांच्या तोंडचा घास जातो, असें एक मत सर्वत्र ऐकूं येतें. आलेल्यांच्या श्रमांनींच देश संपन्न होतो, असें दुसरें. हीं दोन्ही मतें एकाच देशांत, परंतु निरनिराळ्या काळीं, खरीं ठरलेलीं पाहावयाचीं असल्यास हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाचा इतिहास पाहावा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतून या बेटाची बोळवण उंसाविषयींच्या एका ओळीवर होत असते. वस्तुतः त्याची योग्यता याहून पुष्कळ मोठी आहे.

या बेटाला मूळचे रहिवासी असे नव्हतेच. फ्रेंच मळेवाले आणि मुख्यतः आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम, असा तेथील समाज. १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें, तरी मळे फ्रेंचांकडेच राहिले. पुढें १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. साठ हजारांहून अधिक माणसें सुटलीं. पण ‘उमेदवारी’ या गोंडस नांवाखालीं त्यांना १८३९ पर्यंत जुन्याच धन्याकडे राबावें लागलें. नुकसानभरपाई मिळाली ती धन्यांना, गुलामांना नव्हे! खरोखर मोकळे होतांच या लोकांनीं मळ्यांकडे पाठ फिरविली, किंवा राहावयाचें तर चांगली मजुरी मागितली. स्वतंत्र माणसानें दुसरें काय करावें?

परंतु मळेवाल्यांनीं आपली तजवीज आधींच करून ठेविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून ‘अॅटलस’ नांवाचें जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरांत दाखल झालें. पांच वर्षांचा करार, दरमहा ५ रुपये आणि शिधा, ही त्यांची बोली. त्यानंतर कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसांचा ओघ सुरू झाला आणि १९१० पर्यंत सुमारें साडेचार लक्ष लोक तेथें उतरले. मुंबईहून गेलेल्यांत मराठी कुटुंबेंहि होतीं. गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आज त्या देशांत आहे, ती त्यांच्या वंशजांमुळें. १८६१ च्या खानेसुमारींत ३ लक्ष १० हजार वस्तीपैकीं १ लक्ष ९२ हजार लोक हिंदी होते. एका पिढीच्या आंत बेटाचें रूप असें पालटलें.

साखरेचें उत्पन्न १८५५ च्या सुमारास लाख टनांच्या वर गेलें. मग घास गेला तो कोणाचा? नुकत्याच सुटलेल्या गुलामांचा. मजुरी वाढवून मागण्याची त्यांची संधि हातची गेली. येथें लोक म्हणतात कीं, नवागत थोडक्यांत राबावयास तयार होता म्हणून असें झालें. हें अर्धेंच खरें. त्याला अधिक मागण्याची मुभाच नव्हती. बाजारांत भाव चढतो तो गिऱ्हाईक बदलतां येतें म्हणून. कराराच्या मजुराला धनी बदलतां येत नसे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानें मुदत संपलेल्या मजुराला छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. नसल्यास तो भटक्या समजून पकडला जाई. बांधलेल्या मजुराशेजारीं मोकळ्या मजुराची किंमत कशी वाढावी?

दुसरेंहि एक नुकसान झालें. हिंवताप या बेटाला ठाऊक नव्हता. वाढत्या दळणवळणाबरोबर तो आला, आणि १८६७ या एका वर्षांत तापानें तीस हजारांहून अधिक माणसें नेलीं. ऐपतदार लोक क्यूरपीपच्या उंच, थंड भागीं राहावयास गेले. गरीब खालींच राहिले.

१८७१ मध्यें ९ हजारांहून अधिक मजुरांनीं आद्ऑल्फ द प्लेव्हित्झ या गृहस्थाच्या साहाय्यानें अर्ज केला, त्यावरून शाही चौकशी झाली आणि जाच हळूहळू सैल पडूं लागला. त्याच सुमारास युरोपांतील बीटच्या साखरेनें भाव पाडले, आणि पैशाच्या अडचणींत सांपडलेले मळेवाले कडेच्या जमिनी तुकडे करून विकूं लागले. घेणारे कोण? पै पै सांठविलेले हेच मजूर! त्यांनीं ऊंस लावला, भाजीपाला पिकविला, गाई ठेविल्या. पहिल्या पिढीनें मजुरीचा भाव दाबला असें म्हणावें, तर त्यांच्याच मुलांनीं शहरांना दूध व भाजी पुरविली.

सामाजिक बदल मात्र सावकाश झाला. गांवोगांवच्या ‘बैठका’ म्हणजे रात्रीच्या शाळाच. तेथें मुलें-माणसें अक्षरें गिरवीत. १९४७ च्या नव्या घटनेनें बेटावरील कोणत्याहि भाषेंत साधें वाक्य लिहितां-वाचतां येणाऱ्यास मत दिलें, तेव्हां बारा हजारांच्या आंत असलेली मतदारसंख्या सत्तर हजारांवर गेली. शिक्षणाचें फळ इतक्या रोख स्वरूपांत क्वचितच मिळतें. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे एका हिंदी मजुराचेच पुत्र होते.

आज हेंच बेट यजमान आहे. तेथील कापडाच्या कारखान्यांत बांगला देश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथील मजूर कराराने येतात. मजुराचा परवाना मालकाच्या अर्जावर निघतो आणि त्याच मालकाच्या कामापुरता असतो.